"म्हतारं व्हई गयं आते" म्हणण्याआधी: वयस्क गिनीपिगचं दुखणं कसं ओळखावं आणि काय करावं

आमचा गिनीपिग पवळ्या गेला तो आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात. घरात माहेरवाशिणी आलेल्या, निंबाला झोका बांधलेला, स्वयंपाकघरात पुरण शिजत होतं. मागच्या खोलीत पाच वर्षांचा पवळ्या पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग फुगवून गप्प बसला होता. शेजारच्या आजींनी डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "म्हतारं व्हई गयं आते." मलाही ते पटलं. दोन दिवस पटत राहिलं. तिसऱ्या दिवशी त्याला दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी त्याचं तोंड उघडून आत बॅटरी धरली. खालच्या दाढा आतल्या बाजूने वाढून जिभेवर कमानीसारख्या आल्या होत्या. भूक होती, पण जीभ हलत नव्हती, घास मागे जात नव्हता. तोवर आतडी थंडावली होती.

दाढा दोन दिवसांत एवढ्या वाढत नाहीत. आठवड्याला वजन केलं असतं, तर महिनाभर आधी कळलं असतं. त्याचा भाऊ ढवळ्या त्यानंतर अडीच वर्षं जगला, साडेसात वर्षांचा होऊन गेला. पुढे जे लिहितेय ते बहुतेक सगळं त्याच्या सेवेत शिकलेलं आहे. खान्देशात गिनीपिग पाळणारी घरं वाढताहेत, पण या प्राण्याची सवय असलेले डॉक्टर जवळ नाहीत. त्यामुळे पहिले बारा तास आपल्याच हातात असतात, आणि त्या बारा तासांत काय करायचं हे आधीच माहीत असावं लागतं.

म्हातारपण कशाला म्हणायचं

गिनीपिग साधारण पाच ते सात-आठ वर्षं जगतं. चौथं वर्ष सरलं की त्याला वयस्क धरावं. झोप वाढते, आनंदात जागच्या जागी उड्या मारणं कमी होतं, चाल सावकाश होते, डोळ्यांत मोतीबिंदूचा पांढुरकेपणा येऊ शकतो, नखं जाड होतात. एवढं वयाच्या खात्यावर टाकायला हरकत नाही.

वजन उतरणं, गवत बाजूला सारून फक्त मऊ भाजी खाणं, लेंड्या बारीक किंवा कमी होणं, हनुवटी ओली राहणं, लघवी करताना ओरडणं, श्वास जोरात घेणं, केस झडणं यांतलं काहीही वयामुळे होत नाही. त्यामागे आजार असतो, आणि यांतले बरेच आजार उपचाराने आटोक्यात येतात.

गिनीपिग हे दुसऱ्यांचं भक्ष्य असणारं जनावर. कळपात दुबळं दिसलं की आधी तेच उचललं जातं, म्हणून दुखणं लपवणं त्याच्या रक्तातच आहे. ढवळ्याला ताप असतानाही फ्रिजचं दार उघडलं की तो शिट्टी घालायचा. तेव्हा "ओरडतोय म्हणजे बरा आहे" असं समजू नका. तो आजारी दिसायला लागतो, तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो.

पहिली पायरी: काटा आणि वही

सगळ्यात उपयोगाची वस्तू म्हणजे स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा. त्यावर प्लास्टिकचं टोपलं ठेवा, काटा शून्यावर आणा, टोपल्यात कोथिंबिरीची एक काडी टाका आणि गिनीपिगला बसवा. ते काडी खात असतानाच आकडा स्थिर होतो. दर रविवारी सकाळी, भाजी घालायच्या आधी, एकाच वेळी. आकडा वहीत तारखेसकट लिहा. पाच वर्षांपुढच्या जनावराचं वजन मी आठवड्यातून दोनदा करते, आजारपणात रोज.

प्रौढ नर साधारण ९०० ते १२०० ग्रॅम भरतो, मादी ७०० ते ९००. पण पुस्तकी आकड्यापेक्षा तुमच्या जनावराचा नेहमीचा आकडा महत्त्वाचा. वीस-तीस ग्रॅमची चढउतार पोट भरलेलं की रिकामं यावरून होते, तिला घाबरू नका. ५० ग्रॅम उतरले तर रोज वजन सुरू करा आणि खाण्यावर डोळा ठेवा. १०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एकूण वजनाच्या दहाव्या भागाइतकं घटलं, तर बाकी सगळं ठीक दिसत असलं तरी डॉक्टर गाठा. खाणं भरपूर आणि तरीही वजन उतरतंय, असंही वयस्क गिनीपिगमध्ये होतं. तेव्हा डॉक्टरांना थायरॉइडचा विचार करायला सांगा.

वहीत आणखी एक गोष्ट लिहा: लेंड्या. नेहमीच्या लेंड्या लांबट, एकसारख्या आणि घट्ट असतात. त्या लहान, टोकदार किंवा एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या तर पोटात काहीतरी बिघडलंय. गिनीपिग तोंड मागे नेऊन स्वतःच्या मऊ लेंड्या खातं, ते मात्र नैसर्गिक आहे. त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात, त्याला अडवू नका.

दुसरी पायरी: नाकापासून बुडापर्यंत पाच मिनिटं

वजन झालं की मांडीवर टॉवेल टाकून त्याला घ्या. डोळे कोरडे आणि चमकदार हवेत, कडेला पांढरी पपडी नको. अंग साफ करताना गिनीपिग डोळ्यांतून दुधासारखा पांढरा द्राव क्षणभर सोडतं, तो आजार नाही. नाक कोरडं हवं. पुढच्या पंजांची आतली बाजू पाहा, नाक गळत असलं की तिथले केस चिकट होतात. हनुवटीखाली बोट फिरवा. ओल लागली तर दाढांची शंका घ्या. पुढचे दात सरळ दिसत असले तरी दाढा बिघडलेल्या असू शकतात, कारण गिनीपिगचे वीसही दात जन्मभर वाढत राहतात आणि आतल्या दाढा घरी नीट दिसत नाहीत. पवळ्याचे पुढचे दात अगदी नीट होते.

मग पोट. दोन्ही तळव्यांत हलकं धरा. ते मऊ असावं, डफासारखं ताणलेलं नको. पायांचे तळवे पाहा: गुलाबी आणि सपाट असायला हवेत. केस उलटे फिरवून कातडी बघा. गळ्यापासून पोटापर्यंत आणि कमरेवर बोटं फिरवून गाठ लागते का ते पाहा. नराच्याही स्तनाग्रांजवळ गाठ होऊ शकते, तिथेही हात लावा. शेवटी बूड: ते कोरडं, स्वच्छ, वास नसलेलं असावं.

हे दर आठवड्याला केलं की बदल हाताला आधी कळतो.

तिसरी पायरी: खाणं थांबलं तर

यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण बहुतेक गिनीपिग मूळ आजारापेक्षा उपासानेच आधी दगावतात. त्याचं पोट सतत चालणाऱ्या गिरणीसारखं असतं. गवताचा तंतू आत जात राहिला की मोठ्या आतड्यातले उपयोगी जिवाणू तो आंबवतात आणि आतडं हलतं राहतं. दाणा थांबला की गिरणी थांबते, वायू साठतो, दुखतं, दुखतं म्हणून ते आणखी खात नाही. हे चक्र एका दिवसात जीव घेऊ शकतं. आपण सोमवारी किंवा चतुर्थीला धरतो तसला उपास या जनावराला कधीच सोसत नाही. बारा तास त्याने काहीच खाल्लं नाही, किंवा तेवढ्याच वेळात लेंडी पडली नाही, तर ती तातडीची वेळ समजा.

आधी हे ठरवा की त्याला खायची इच्छा नाही की खाता येत नाही. त्याच्या आवडीची कोथिंबीर पुढे धरा. ते धावत आलं, तोंडात घेतलं, चावायचा प्रयत्न केला आणि टाकून दिलं, तर दुखणं तोंडात आहे. वास घेऊन तोंड फिरवलं तर पोट, वेदना, ताप किंवा आणखी काही. ही एक गोष्ट डॉक्टरांना सांगितली तरी त्यांचं अर्धं काम होतं.

मग पोटाला हात लावा. ताणलेलं, टणक, वाजवल्यावर पोकळ आवाज येणारं पोट असेल आणि जनावर दात कराकरा वाजवत असेल तर तोंडाने काहीही भरवू नका, रात्र असली तरी डॉक्टरांना फोन करा. पोट मऊ असेल आणि श्वास नीट असेल, तरच घरी भरवायला घ्या.

कान आणि पंजे गार लागत असतील तर आधी ऊब द्या. कोमट पाण्याची बाटली कपड्यात गुंडाळून शेजारी ठेवा, अंगाला चटका बसू देऊ नका. गारठलेल्या जनावराला भरवलं तर पचत नाही. ऊब आली की गिनीपिगच्या खाद्याच्या गोळ्या कोमट पाण्यात भिजवून, चुरून, गाळणीतून काढून पातळ लापशीसारखं करा. आजारी तृणभक्षी जनावरांसाठी तयार पूडही मिळते, ती आधीच मागवून घरात ठेवणं चांगलं. मेडिकलमधून सुई नसलेल्या १ मिलीच्या सिरिंज आणा, तोंड कापून रुंद करा आणि कड घासून गुळगुळीत करा.

टॉवेलमध्ये गुंडाळून त्याला मांडीवर सरळ बसवा. पाठीवर उताणं कधीच धरू नका, घास श्वासनलिकेत जातो. पुढच्या दातांच्या मागे बाजूला मोकळी जागा असते, तिथून सिरिंज आत सरकवा आणि अर्धा मिली सोडा. चावलं, गिळलं की पुढचा अर्धा. घाई केली की ठसका. एक किलोच्या जनावराला दिवसभरात साधारण ५० ते ८० मिली लागतं, ते चार ते सहा वेळांत वाटून द्या, रात्रीची एक पाळी धरून. मधून साधं पाणी पाजा. ढवळ्याच्या एका आजारपणात मी अकरा दिवस हे केलं, रात्री दोनचा गजर लावून. तिसऱ्या दिवशी त्याने सिरिंज स्वतःच पंजांत धरली तेव्हा मला रडू आलं होतं.

भरवणं हा इलाज नाही, ते फक्त वेळ मिळवणं आहे. मूळ कारण डॉक्टरच शोधणार. आणि या काळात गाईचं दूध, बिस्किट, भाकरीचा तुकडा, शेंगदाणे, केळं यांतलं काही देऊ नका. रावेर-यावलकडे केळी घरचीच असते, हात सहज जातो. पण तिच्यातली साखर बिघडलेल्या पोटात वायूच करते.

लघवीत लाल दिसलं तर

गिनीपिगची लघवी कधीकधी पांढुरकी, वाळल्यावर चुनकट डाग सोडणारी असते. त्याच्या शरीरातलं जास्तीचं कॅल्शियम तिथून बाहेर पडतं. गाजर-बीट खाल्ल्यावर रंगही बदलतो. म्हणून लाल दिसलं की आधी दोन दिवस बीट दिलं होतं का ते आठवा. नसेल दिलं, तर पांढरा कपडा खाली अंथरून नीट पाहा.

रक्ताचा डाग, लघवी करताना पाठ वर घेऊन किंचाळणं, थेंबथेंब होणं, बूड ओलं आणि वासट राहणं: मुतखड्याची शंका घ्या किंवा मूत्राशयाला जंतुसंसर्ग. खडे बहुधा कॅल्शियम कार्बोनेटचे असतात, म्हणून साध्या एक्स-रेतही दिसतात. मादी असेल तर रक्त गर्भाशयातूनही येऊ शकतं. नर असो वा मादी, लघवी पूर्ण अडली असेल तर त्याच दिवशी दवाखाना.

खडे टाळायला आपल्याकडे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. दुभत्या जनावरांसाठी लसूणघास घरोघरी असतो आणि गिनीपिग तो अधाशासारखं खातं. वाढत्या पिल्लाला तो चालतो, प्रौढाला नको, त्यात कॅल्शियम फार. शेवग्याची पानं आणि पालकही रोज नको. आमच्याकडे बोअरचं पाणी जड आहे, मी प्यायला गाळलेलंच ठेवते.

श्वास

ते झोपलेलं असताना कुशीकडे बघून पंधरा सेकंद श्वास मोजा आणि चारने गुणा. मिनिटाला ४० ते १०० च्या दरम्यान सगळं नेहमीचं. तुमच्या जनावराचा शांत असतानाचा आकडा वहीत लिहून ठेवला की फरक लगेच लक्षात येतो.

एखादी शिंक धुळीने येते. पण सतत शिंका, नाक-डोळ्यांतून चिकट पाणी, घरघर, कुशी आत ओढून श्वास घेणं ही न्यूमोनियाची चाहूल असते. गिनीपिग नाकानेच श्वास घेतं. तोंड उघडून घ्यायला लागलं तर मिनिटाचाही उशीर नको, आणि अशा वेळी सिरिंजने भरवणंही नको. बोर्डेटेला नावाचा जंतू कुत्र्याच्या किंवा सशाच्या अंगात त्यांना फार त्रास न देता राहतो आणि गिनीपिगला मात्र न्यूमोनिया करतो. म्हणून ससा आणि गिनीपिग एका पिंजऱ्यात ठेवू नका. वयस्क जनावर दिवसेंदिवस सुस्त होत चाललंय, नाक कोरडं आहे, पण श्वास वाढलाय, तर हृदयाचीही तपासणी करून घ्या.

थोडक्यात बाकीचं

दोन्ही कुशींवरचे केस सारखेच झडताहेत, खाज नाही आणि जनावर मादी आहे, तर अंडाशयात पाण्याच्या गाठी असण्याची शक्यता फार. दोन-तीन वर्षांपुढच्या माद्यांमध्ये त्या सर्रास होतात. धुळ्याच्या माझ्या मामेबहिणीने चार महिने खोबरेल लावत घालवले, शेवटी सोनोग्राफीत कळलं. खाज प्रचंड असेल, खाजवता खाजवता जनावर आकडी आल्यासारखं आडवं पडत असेल, तर ती खरजेच्या किड्यांमुळे. तिला औषध आहे, पण मात्रा ग्रॅममध्ये मोजून डॉक्टरांनीच ठरवायची. गोठ्यातलं गोचीड मारायचं औषध लावू नका.

तळपायाला लाली, सूज, खपली म्हणजे तळव्याचा जंतुसंसर्ग. तारेची जाळी, ओली जमीन, वाढलेलं वजन आणि कमी पडलेलं क जीवनसत्त्व यांतून तो होतो. लवकर धरला तर मऊ, कोरडं अंथरूण आणि औषध यावर भागतं. हाडापर्यंत गेला की अवघड.

गळ्याखाली गोल, गरम गाठ म्हणजे बहुधा गळू. घरी फोडू नका. कमरेवर हळूहळू वाढणारी, न दुखणारी गाठ बऱ्याचदा साधी असते, तरी डॉक्टरांच्या हाताखालून जाऊ द्या. मान एका बाजूला कलली, गोल गोल फिरतंय: कानाच्या आतला संसर्ग असू शकतो, त्याच दिवशी न्या.

म्हाताऱ्या नरांची एक तक्रार कुणी आधी सांगत नाही. बुडाजवळचे स्नायू सैल पडतात आणि मऊ विष्ठेचा गोळा तिथल्या पिशवीत अडकतो. ढवळ्याला सहाव्या वर्षी हे सुरू झालं. रोज संध्याकाळी कापसाच्या बोळ्याला कोमट पाणी आणि थोडं खाद्यतेल लावून, हलक्या दाबाने गोळा बाहेर काढायचा आणि जागा कोरडी करायची. डॉक्टरांनी एकदा दाखवलं, मग दीड वर्ष मी केलं. किळस दोन दिवस वाटते.

लंगडणं, सांधे सुजणं, उचलल्यावर कळवळणं, खरखरीत केस, हिरड्यांतून रक्त: क जीवनसत्त्वाचा विचार आधी करा. माणसासारखंच गिनीपिगचं शरीर ते बनवू शकत नाही. दर किलो वजनामागे रोज १० मिलिग्रॅम तरी लागतं, आजारपणात ३० पर्यंत. मध्यम हिरव्या सिमला मिरचीचा चतुर्थांश तुकडा साधारण २० मिलिग्रॅम देतो. पेरूची एक फोडही चालते, पण रोज नको, गोड असतो. पिण्याच्या पाण्यात थेंब टाकण्याचा उपयोग कमी, ते लवकर विरतात आणि चव बदलल्यामुळे जनावर पाणी पिणंच कमी करतं. खाद्याच्या पाकिटातलं क जीवनसत्त्वही काही महिन्यांत घटतं, आणि आपल्या उन्हाळ्यात दुकानात पडून राहिलेल्या पाकिटाचा भरवसा नको. पाकिटावरची तारीख वाचूनच घ्या.

गवताबद्दलही दोन शब्द. मारवेल, पवन्या, हरळी यांचं वाळलेलं गवत उत्तम. कडब्याची वाळलेली पानं चालतात, पण कोवळी हिरवी ज्वारी नको, गुरांना जशी तिची किराळ, म्हणजे विषबाधा, होते तसं तिच्यातलं विष यालाही धोक्याचंच. कपाशीच्या किंवा केळीच्या बांधावरचं गवत कापण्याआधी फवारणी कधी झाली ते शेतमालकाला विचारा. तणनाशक मारलेल्या बांधाचं तर आणूच नका, आणि गाजरगवताची एकही काडी पेंढीत राहू देऊ नका.

एप्रिल ते जून

गिनीपिगला १८ ते २४ अंश मानवतं. २८-३० च्या पुढे त्रास सुरू होतो. जळगाव-भुसावळचा मे महिना ४५ ला टेकतो. त्याला घाम येत नाही, आणि वयस्क, जाड किंवा लांब केसांच्या जनावराला सगळ्यात आधी लागतं.

पिंजरा पत्र्याच्या छताखाली, गच्चीवर किंवा पश्चिमेच्या भिंतीला नको. तळमजल्याची, फरशीची खोली निवडा. कूलर खोलीत चालू द्या, पण हवेचा झोत थेट पिंजऱ्यावर नको, आणि खिडकी किंचित उघडी ठेवा, नाहीतर दमटपणा वाढतो. शहाबादी फरशीचा तुकडा माठाखाली गार करून पिंजऱ्यात ठेवा, त्यावर ते पोट टेकून पसरतं. वीज जाते ती नेमकी दुपारी, म्हणून फ्रिजरमध्ये पाण्याच्या दोन बाटल्या कायम गोठवलेल्या असू द्या. कपड्यात गुंडाळून पिंजऱ्याच्या एका कडेला ठेवायच्या, म्हणजे नको वाटलं तर त्याला लांब जाता येतं.

आडवं पडून धापा टाकतंय, लाळ गळतेय, कान लालबुंद आणि गरम, उभं केलं तर कोलमडतंय: ऊन लागलं. लगेच गार खोलीत न्या. साध्या पाण्याने कान, पंजे आणि पोट ओलं करा, पंख्याची हवा द्या. बर्फाचं पाणी नको, बादलीत बुडवणं नको. शुद्धीवर असेल तरच ओठांना पाण्याचे थेंब लावा. थोडं सावरलं तरी दवाखान्यात न्याच. आत झालेली इजा काही तासांनी वर येते.

दवाखाना कसा गाठायचा

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर गाई-म्हशी-शेळ्यांत मुरलेले असतात. गिनीपिग त्यांच्यापुढे क्वचित येतं, आणि त्यात त्यांचा दोष नाही. जनावर चांगलं असतानाच एकदा नेऊन दाखवा, ओळख करून घ्या, रात्री फोन केला तर चालेल का विचारा. आणि मोठ्या ठिकाणाची सोयही आधी पाहून ठेवा. धुळे-अमळनेरकडच्यांना नाशिक, नंदुरबारकरांना ताप्तीच्या रेल्वेने सुरत, भुसावळकडच्यांना नागपूरच्या लाईनवरची अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि तिथलंच बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय लांब पडतं, पण शस्त्रक्रियेची वेळ आली तर लक्षात असू द्या. कुठेही निघण्याआधी फोन करून गिनीपिग तपासतात का, ते विचारा.

जाताना वही, आदल्या दिवसाच्या लेंड्या डबीत, लघवीच्या डागाचा फोटो, आणि धाप किंवा चालीचा मोबाइलवरचा व्हिडिओ घ्या. अनोळखी टेबलावर जनावर निपचित बसतं, लक्षणं दिसतच नाहीत. तेव्हा व्हिडिओ कामी येतो. टोपलीत गवत आणि काकडीचे काप ठेवा, जोडीदार असेल तर तोही बरोबर. उन्हाळ्यात पहाटेची गाडी धरा. भूल द्यायची असली तरी कुत्र्या-मांजरासारखं उपाशी ठेवायचं नाही, हे डॉक्टरांना नम्रपणे विचारून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पेनिसिलीन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन ही औषधं, तसंच क्लिंडामायसिन आणि लिंकोमायसिन, गिनीपिगला तोंडावाटे देऊ नयेत. त्यांनी आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, क्लॉस्ट्रिडियमसारखे घातक वाढतात, त्यांच्या विषाने जुलाब होऊन काही दिवसांत जनावर जातं. आपल्या घरात मुलांच्या खोकल्यासाठी आणलेलं अमॉक्सिसिलिनचं अर्धं सिरप हमखास असतं, त्याला हात लावू नका. ढवळ्याच्या शिंकांसाठी एका दवाखान्यात हेच लिहून मिळालं होतं. मी हात जोडून म्हटलं, "डॉक्टरसाहेब, गिनीपिगला हे चालत नाही असं वाचलंय, एकदा बघता का?" त्यांनी तिथेच एका परिचित डॉक्टरांना फोन केला, औषध बदललं आणि मला धन्यवाद दिले. विचारायला संकोच करू नका. गिनीपिगसाठी एनरोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा यांसारखे पर्याय डॉक्टरांकडे असतात, मात्रा तेच ठरवतील. माणसांच्या वेदनाशामक गोळ्याही स्वतःच्या मनाने नकोत.

शेवटचे महिने

म्हाताऱ्या जनावरासाठी घर थोडं बदला. पाणी आणि गवत जमिनीलगत, चढ-उतार काढून टाका, अंथरुणावर जाड कापड आणि रोज कोरडं. धुळ्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकडी होतो, तेव्हा पिंजऱ्यात गवताचा थर दुप्पट करा आणि रात्री तीन बाजूंनी गोधडी घाला. नखं महिन्याला कापा, वाढलेल्या नखांनी पंजा वाकडा होतो.

बरं होण्यासारखं काही उरलं नाही, वेदनाशामक दिलं तरी ते अंग फुगवून बसतं, आवडीचा घासही नको म्हणतं, असं चार-पाच दिवस चाललं, तर डॉक्टरांशी वेदनारहित निरोपाबद्दल बोला. ढवळ्याच्या मूत्रपिंडांनी हात टेकले तेव्हा आम्ही तो निर्णय घेतला. घरातली मोठी माणसं नाराज झाली, मी त्यांना त्याची वही दाखवली: तीन आठवड्यांत २३० ग्रॅम. मग कुणी काही बोललं नाही.

मागे जोडीदार राहत असेल तर गेलेल्याचं अंग थोडा वेळ त्याच्याजवळ ठेवा, त्याला हुंगू द्या. नंतरचे पंधरा दिवस त्याचं वजन रोज करा. एकटं पडलेलं गिनीपिग खाणं सोडतं, आणि बारा तासांचा हिशोब त्यालाही लागू आहे.